स्ट्रॅटचा पिकअप बदलण्याआधी: टोचणारा ब्रिज, गुणगुण आणि किलोओहमचे आकडे

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे स्क्वायर अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट आहे, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर घडणीची इलेक्ट्रिक गिटार, तीन सिंगल कॉइलवाली: तारांची हालचाल उचलणारे, एकेका कॉइलचे तीन पिकअप, एक ब्रिजजवळ, एक मध्ये आणि एक नेकजवळ. कॉलेजच्या बँडमध्ये ते रॉक वाजवतात, गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर हिंदी-मराठी गाणी वाजवतात आणि घरी ब्लूजचा रियाज करतात. तक्रारी तीन आहेत. ब्रिज पिकअपचा आवाज कानाला टोचतो. डिस्टॉर्शन (आवाज फाटका, जाड करणारा इफेक्ट) लावलं की तोच आवाज पातळ पडतो. आणि गाणं थांबलं की अ‍ॅम्पमधून सतत गुणगुण येत राहते. त्यांनी विचारलंय की सेमूर डंकन घेऊ, डिमार्झिओ घेऊ की ईएमजी. किती किलोओहमचा घेऊ. आणि एवढा खर्च करण्यापेक्षा गिटारच बदलावी का?

मी पुण्यात गिटार दुरुस्तीचं काम करतो आणि पिकअप बदलून द्या म्हणून येणाऱ्या गिटारींमध्ये अशाच स्ट्रॅट सगळ्यात जास्त असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रँडचं नाव या सगळ्यात शेवटी येतं.

तुमच्या तिन्ही तक्रारी एका दमात आल्या असल्या तरी त्यांची मुळं वेगळी आहेत. टोचणारा आवाज हा बहुतेक वेळा उंचीचा, वायरिंगचा आणि केबलचा मामला असतो. डिस्टॉर्शनमध्ये पातळ पडणं मात्र खरोखर पिकअपच्या बांधणीतून येतं. गुणगुण तर सिंगल कॉइलच्या रचनेतच आहे; जगातला सगळ्यात महागडा सिंगल कॉइल बसवलात तरी ती येणार. त्यामुळे कुठला पिकअप चांगला हे सांगण्याआधी मला हे कळायला हवं की या तिघांतली कुठली तक्रार तुम्हाला स्टेजवर सगळ्यात जास्त छळते.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. अ‍ॅम्प कुठला आहे? सहा-आठ इंची स्पीकरच्या छोट्या अ‍ॅम्पवर जवळपास कुठल्याही स्ट्रॅटचा ब्रिज टोचतो, आणि तीच गिटार बारा इंची स्पीकरवर भरीव वाटते. तारा कधी बदलल्या होत्या? तुमचा उजवा हात ब्रिजच्या किती जवळ असतो? पिकअप स्वतःहून काही निर्माण करत नाही, तार जशी हलते तेवढंच पुढे पाठवतो. म्हणून आधी नव्या तारा चढवा, मित्राच्या मोठ्या अ‍ॅम्पवर वाजवून पाहा आणि मगच पुढचं वाचा.

पहिलं काम उंचीचं. पिकअपच्या दोन्ही बाजूंना जे स्क्रू असतात ते फिरवून पिकअप वर-खाली होतो, आणि दुकानातून आलेल्या गिटारींमध्ये तो बऱ्याचदा कसाही बसवलेला असतो. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या (पिकअपवर प्रत्येक तारेखाली असतो त्या धातूच्या खुंटाच्या) माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. पारंपरिक स्ट्रॅट पिकअपसाठी फेंडरचं सुरुवातीचं माप सहाव्या तारेखाली २.४ मि.मी. आणि पहिल्या तारेखाली २ मि.मी. आहे. तिथून कानाने पुढे जायचं. ब्रिज टोचत असेल तर पहिल्या तारेची बाजू किंचित खाली घ्या आणि सहाव्या तारेची बाजू वर. स्क्रूचा अर्धा फेरा पुरे असतो. नेक पिकअप मात्र फार वर घेऊ नका. तिथे तार मोठ्या झोक्याने हलते आणि चुंबक तिला खाली ओढतो. मग जाड तारांवर वरच्या फ्रेटमध्ये एकाच स्वराचे दोन स्वर लहरत असल्यासारखे ऐकू येतात, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर अचूक येणं) कितीही लावलं तरी बसत नाही, आणि लोक ब्रिजच्या सॅडलला (तार टेकते त्या भागाला) दोष देत बसतात.

दुसरं, टोनचं बटण. स्ट्रॅटच्या पारंपरिक वायरिंगमध्ये एक टोन नेकला, दुसरा मधल्या पिकअपला आणि ब्रिजला काहीच नाही. म्हणजे सगळ्यात तीक्ष्ण पिकअपवर लगाम घालायला हातात काहीच राहत नाही. तुमच्या गिटारीत काय आहे ते पाहायला स्विच ब्रिजवर ठेवा आणि दोन्ही टोन शून्यावर आणा. आवाजात फरक पडला नाही तर ब्रिज मोकळा आहे. अशा वेळी स्विचवर तारेचा एक छोटा तुकडा सोल्डर करून मधल्या पिकअपचा टोन ब्रिजलाही जोडता येतो. टोन सातच्या आसपास ठेवला की टोचणं बरंच कमी होतं आणि वाजवण्याची धारही जात नाही. कित्येकांचं समाधान एवढ्यावर झालेलं मी पाहिलंय. ते पिकअपसाठी आले होते आणि जुनाच पिकअप घेऊन खूश होऊन गेले.

आता गुणगुणीकडे येतो, कारण तिची परीक्षा घरीच होते आणि तिच्या निदानावर पुढचा सगळा खर्च ठरतो. अ‍ॅम्प चालू करा, डिस्टॉर्शन लावा, तारांना हात न लावता गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. फिरताना गुणगुण कमी-जास्त होत असेल, एका दिशेला जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर, पंखे, अ‍ॅडॉप्टर यांच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये शिरणारी. याउलट, सुरात नसलेली खरखर ऐकू येत असेल आणि तारांवर हात ठेवताच ती बंद होत असेल, तर ती शिल्डिंगची कमतरता. पिकगार्डच्या मागे आणि पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती बरीच कमी होते, पण त्याच पट्टीने पहिल्या प्रकारच्या गुणगुणीवर काहीही परिणाम होत नाही. आणि तारांना हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर ताबडतोब थांबा. ब्रिजची अर्थची तार तुटलेली असेल, नाहीतर घराच्या अर्थिंगमध्येच दोष असेल.

अर्थिंगवर थोडं जास्त बोलतो. जुन्या वाड्यांमध्ये, चाळींमध्ये आणि उत्सवाच्या मांडवांमध्ये तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे काही जोडलेलं असतंच असं नाही. मांडवात त्याच जनरेटरवर रोषणाईही असते, डिमरही असतात, आणि सिंगल कॉइलला ते सगळं ऐकू येतं. तिथे एखादा जण अ‍ॅम्पची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला हमखास देतो, कारण त्याने गुणगुण कधीकधी कमी होते. तो सल्ला कधीही ऐकू नका. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या भागांतला प्रवाह वाहून न्यायला तीच एक तार असते. ती नसेल आणि तुमचा हात तारांवर असताना ओठ माइकला लागले, तर तो प्रवाह तुमच्या शरीरातून जातो. यात माणसं दगावू शकतात.

स्विचच्या दोन नंबरवर (ब्रिज आणि मधला एकत्र) आणि चार नंबरवर (मधला आणि नेक एकत्र) गुणगुण कमी होते का तेही पाहा. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असतो, त्यामुळे दोन पिकअप एकत्र चालू असताना गुणगुण एकमेकांत विरते. हीच कल्पना गिब्सनच्या सेठ लव्हरने १९५५ मध्ये एकाच पिकअपच्या दोन कॉइलींमध्ये आणली, आणि तो हंबकर. तारेचा आवाज दोन्ही कॉइलींत एकाच दिशेने बेरजेत येतो, बाहेरची गुणगुण वजाबाकीत जाते. तुमच्या गिटारीत दोन आणि चार नंबर शांत असतील तर ऑर्केस्ट्रातली निम्मी गाणी तिथेच वाजवता येतील, एक रुपया न खर्चता.

एवढं करूनही ब्रिज पातळ वाटतो असं धरून चालू, कारण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तसंच होईल. मग पिकअप निवडायला त्याचं काम कसं चालतं ते माहीत हवं.

पोलमधल्या चुंबकामुळे त्याच्यावरची स्टीलची तार स्वतःही थोडी चुंबक बनते. ती हलली की कॉइलमधून जाणारं क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये अगदी छोटा विद्युतदाब तयार होतो. इथपर्यंत सगळे पिकअप सारखेच. फरक पडतो तो पुढे. हजारो वेढ्यांच्या कॉइलला इंडक्टन्स असतो, कॉइलला आणि तुमच्या केबलला कपॅसिटन्स असतो, आणि दोन्ही मिळून एक चाळणी तयार होते. ही चाळणी एका ठरावीक वारंवारतेवर आवाजाला उठाव देते आणि तिच्या वरचं सगळं झपाट्याने कापून टाकते. हा उठाव कुठे येतो आणि किती टोकदार आहे, यावरच पिकअपचा बहुतेक स्वभाव ठरतो.

आकड्यांत सांगतो. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरची केबल म्हणजे ६००, आणि कॉइलचे स्वतःचे शंभरेक. जुन्या घडणीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्रीच्या आसपास असतो. त्याचा उठाव मग ३.९ किलोहर्ट्झला येतो, म्हणजे झणझणीत, काचेसारखा स्वच्छ, आणि चुकीच्या अ‍ॅम्पवर टोचणारा. पन्नाशीच्या दशकातल्या गिब्सनसारखा हंबकर ४.५ हेन्रीचा धरला तर उठाव २.८ किलोहर्ट्झला. जास्त वेढ्यांचा जोरदार हंबकर ८ हेन्रीचा धरला तर २.१ ला. आपला कान ज्या भागाला भरीव, गाता, पुढे येणारा आवाज म्हणतो तो या खालच्या भागात आहे. डिस्टॉर्शनमध्ये तुम्हाला जो जोर हवाय तो निव्वळ मोठ्या आवाजाने येत नाही, उठाव खाली सरकल्याने येतो.

यातून एक स्वस्त प्रयोग निघतो आणि तो मी जवळजवळ प्रत्येकाला करायला सांगतो. ४७० पिकोफॅरडचा एक साधा कपॅसिटर गिटारच्या जॅकवर, सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये, तात्पुरता सोल्डर करा. वरच्या स्ट्रॅट पिकअपचा उठाव त्यामुळे ३.९ वरून ३ किलोहर्ट्झवर येतो. लांब केबल लावल्यासारखाच हा परिणाम आहे. तुमचा ब्रिज यानेच गोड वाटायला लागला तर नवा पिकअप घेण्याचं कारणच उरत नाही. कपॅसिटर कायमचा ठेवून द्या. टोचणं गेलं पण जोर आला नाही असं वाटलं तर पुढे जा, आणि आता तुम्हाला पक्कं माहीत आहे की तुमची गरज जास्त वेढ्यांची आहे.

किलोओहमचं उत्तरही इथेच आहे. जाहिरातीत छापलेला तो आकडा कॉइलच्या तारेचा रोध असतो. तार लांब झाली की तो वाढतो हे खरं, पण तार बारीक झाली तरीही वाढतो. बहुतेक जुने स्ट्रॅट पिकअप आणि हंबकर ४२ गेजच्या तारेचे. त्याहून बारीक, ४३ किंवा ४४ गेजची तार घेतली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा बराच फुगतो. सेमूर डंकनचा जेबी नावाचा हंबकर १६ किलोओहमच्या वर मोजतो आणि त्याच कंपनीच्या ५९ या मॉडेलचा ब्रिजचा पिकअप ८ च्या आसपास. म्हणून जेबी दुप्पट जोरात वाजतो असं अजिबात नाही. त्यात भर म्हणजे तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी बदलतो. नाशिकच्या जानेवारीत १५ अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३५ अंशांना ८.६ दाखवेल, आणि वाजेल तसाच. हा आकडा एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या, एकाच चुंबकाच्या दोन पिकअपांची तुलना करायला उपयोगी. कॉइल तुटली आहे का हे तपासायलाही उपयोगी. खरेदीचा निकष म्हणून नाही. कंपनीने इंडक्टन्स दिला असेल तर तो बघा.

चुंबकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानात विचारायला लावतीलच. अल्निको म्हणजे लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. त्यातला पाच नंबर जोरदार आणि चटपटीत, दोन नंबर मवाळ. सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि वाईट अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. १९७२ मध्ये आलेला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिक चुंबकावरच चालतो, आणि बदली पिकअपचा बाजारच त्याच्यापासून उभा राहिला. अ‍ॅफिनिटीसारख्या गिटारीतल्या पिकअपमध्ये पोल स्टीलचे असतात आणि खाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. पारंपरिक स्ट्रॅटमध्ये पोल हेच अल्निकोचे चुंबक असतात. दोन्हींच्या आवाजातला फरक चुंबकाच्या नावापेक्षा या बांधणीतून जास्त येतो.

आता निवड. तुमच्या कामाला माझ्या मते चार वाटा आहेत आणि त्यातल्या दोन मी लगेच बाजूला ठेवतो.

ईएमजीसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप शांत असतात, स्वच्छ असतात, लांब केबलचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. पण त्यांना ९ व्होल्टची बॅटरी लागते, २५ किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रोध) लागतात, म्हणजे सगळं आतलं काम नव्याने. शिवाय एकच अ‍ॅक्टिव्ह आणि बाकी दोन साधे अशी सरमिसळ नीट होत नाही. तुमच्या वाजवण्यात जड मेटल नाही. त्यामुळे ही वाट नको.

तीन नव्या अल्निको सिंगल कॉइलींचा संच ही दुसरी वाट. ब्लूजसाठी नेक आणि चार नंबर फार सुंदर होतील यात शंका नाही. पण तुमची गुणगुण तशीच राहील आणि डिस्टॉर्शनमधला पातळपणाही बराचसा राहील. पुढेमागे हा संच घ्याल तेव्हा पोलची उंची मात्र बघून घ्या. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तिसऱ्या तारेचा पोल उंच असतो, कारण त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली असायची. आजच्या साध्या तिसऱ्या तारेवर तो पोल त्या एका तारेला उगाच पुढे आणतो. सपाट पोलचा संच आजच्या तारांना जास्त बरा.

पूर्ण मापाचा हंबकर ब्रिजला बसवणं ही तिसरी वाट. आवाजाच्या दृष्टीने यात काहीच कमी नाही; कित्येक स्ट्रॅट कारखान्यातूनच तशा येतात. पण पिकगार्ड नवं लागेल, आणि लाकडातली पोकळी तेवढी मोठी आहे का हे पिकगार्ड उघडल्याशिवाय सांगता येत नाही. नसेल तर राउटर (लाकूड कोरणारं यंत्र) चालवावा लागतो. हंबकरला पूर्ण खुलायला ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम लागतो, आणि तो लावला की बाकीचे सिंगल कॉइल अजून तीक्ष्ण होतात. लाकूडकामाची तयारी असेल तर करा. तारांमधलं अंतर मात्र तपासून घ्या, कारण स्ट्रॅटच्या ब्रिजवर बाहेरच्या दोन तारांमधलं अंतर गिब्सनपेक्षा जास्त असतं आणि अरुंद पोलचा हंबकर पहिल्या-सहाव्या तारेखाली नीट येत नाही.

चौथी वाट मी तुमच्यासाठी निवडतो: सिंगल कॉइलच्या मापातला हंबकर, फक्त ब्रिजला. लाकूड कापायचं नाही, पिकगार्ड बदलायचं नाही, जुना काढून त्याच भोकात नवा. गाणं थांबल्यावर ब्रिज शांत. उठाव खाली आल्याने डिस्टॉर्शनमध्ये आवाज भरतो. यातल्या बऱ्याच पिकअपांत सुट्या पोलऐवजी सलग स्टीलची पट्टी असते. त्यामुळे तारांच्या अंतराचा प्रश्न उरत नाही आणि तार ताणून मींड घेतानाही आवाज पडत नाही. दुकानात गेलात की तुमच्या पुढ्यात आधी हॉट रेल्स किंवा चॉपर ही मॉडेलं ठेवतील, कारण ते जोरदार आहेत आणि पहिल्या मिनिटात प्रभाव पाडतात. तुम्ही मात्र मध्यम जोराचा घ्या. सेमूर डंकनचा लिटल ५९ किंवा कूल रेल्स, डिमार्झिओचा क्रूझर, या पट्टीतलं काहीही. कारण असं की बाकीचे दोन पिकअप तुमचे जुनेच राहणार आहेत. ब्रिज फार जोरदार झाला तर स्विच हलवताच आवाजाची पातळी कोसळते आणि ऑर्केस्ट्रात गाण्याच्या मध्येच अ‍ॅम्पकडे धावावं लागतं. शिवाय स्वच्छ वाजवताना फार जोरदार पिकअप मंदावलेला, कोंदट वाटतो, आणि हिंदी-मराठी गाण्यांत तुमचं अर्धं काम स्वच्छ आवाजाचं आहे. जोर कमी पडला तर पेडल आहे. कोंदटपणा पेडलने निघत नाही.

या पिकअपला सध्याचा २५० किलोओहमचा व्हॉल्यूमच राहू द्या. हंबकरला ५०० हा सर्वसाधारण नियम खरा, पण तुमची मूळ तक्रार टोचण्याची आहे आणि २५० चा पॉट उठावाचं टोक थोडं बसवतो. बाकी पिकअपही त्याच पॉटवर सुखी राहतात. पॉट खराब असेल आणि बदलायचाच असेल तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. त्याच्यावर ए २५० के असं लिहिलेलं पाहून घ्या. ए म्हणजे लॉगरिदमिक, बी म्हणजे सरळ; सरळ पॉटने व्हॉल्यूम फिरवताना सगळा बदल एका टोकाला गोळा होतो. मल्टिमीटर बरोबर न्या, कारण वीस टक्क्यांची सूट गृहीत धरलेली असते आणि २५० चा पॉट २०० ते ३०० मध्ये कुठेही असू शकतो. नॉब त्या दांडीवर बसतो का तेही तिथेच बघा.

खरेदी करताना दोन गोष्टी विचारा. पिकअप मेणात बुडवलेला आहे का? नसेल तर मोठ्या आवाजात आणि जास्त डिस्टॉर्शनमध्ये कॉइल थरथरते आणि अ‍ॅम्प शीळ घालतो. घरी हे कळत नाही, स्टेजवर कळतं. आणि त्याला चार तारा अधिक शिल्डची उघडी तार आहे का? याचं कारण फेज.

फेज ही या कामातली सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट. वेगळ्या कंपनीचा पिकअप जुन्या पिकअपशेजारी बसवला की दोन नंबरवर, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र असताना, आवाज अचानक बारीक, नाकातून आल्यासारखा आणि खर्ज गायब झालेला येऊ शकतो. पिकअप बिघडलेला नसतो, दोघांचे सिग्नल उलटे भेटत असतात. चार तारा असल्या तर उपाय पाच मिनिटांचा. सेमूर डंकनमध्ये काळी तार सिग्नल, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप लावलेल्या. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नल, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. फेज उलट आला तर सिग्नलची तार आणि हिरवी यांची अदलाबदल करा. उघडी तार मात्र ग्राउंडलाच ठेवा. सोल्डर करण्याआधीच तपासायचं असेल तर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून पिकअपला जोडा, पोलवर स्टीलचा स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर अधिक किंवा उणे जातो. मधल्या पिकअपवरही तेच करा. दोन्ही एकाच बाजूला गेले की फेज जुळला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाटायला नको. ब्रिज शांत झाला तरी दोन नंबरवर गुणगुण परत येईल, कारण तिथे मधला सिंगल कॉइल एकटाच गुणगुणतो आणि त्याला वजा करणारा जोडीदार आता नाही. नेक आणि मधला एकेकटे वाजवतानाही ती राहील. चार नंबर आधी शांत होता तर आताही शांत राहील. ऑर्केस्ट्रात तुम्ही ब्रिज आणि चार नंबर एवढ्यावर भागवू शकत असाल तर काम झालं. नाही भागलं तर पुढच्या वर्षी नेक आणि मधल्यासाठी स्टॅक पद्धतीचे, म्हणजे एकावर एक कॉइल असलेले शांत पिकअप बघा. डिमार्झिओच्या एरिया मालिकेत आणि फेंडरच्या नॉइजलेसमध्ये तसे आहेत. ते खोल असतात, त्यामुळे पोकळीची खोली मोजूनच मागवा. तिन्ही एकदम मात्र घेऊ नका. ब्रिज बदलल्यावर नेकबद्दलचं तुमचं मतही बदलू शकतं.

सोल्डरिंग स्वतः करणार असाल तर पिकगार्ड उलटं केल्यावर सगळ्यात आधी फोनवर तीन-चार फोटो काढा, प्रत्येक जोड स्पष्ट दिसेल असे. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडायला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. ते बराच वेळ टेकवून ठेवलं की आतला पॉट भाजतो. ४० चं घ्या, पाठ सँडपेपरने घासा, तीन-चार सेकंदांत काम संपवा. आणि जॅक तपासा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जॅकच्या पत्र्यावर हिरवा थर चढतो आणि आवाज मधूनच जातो. त्याचा ठपकाही बिचाऱ्या नव्या पिकअपवर येतो.

शेवटी गिटार बदलण्याचा प्रश्न. फ्रेट समतल असतील, नेक सरळ राहत असेल, तार ताणल्यावर सूर टिकत असेल, तर या गिटारीत एक चांगला ब्रिज पिकअप घालणं मला पूर्ण योग्य वाटतं. तो पिकअप पुढच्या गिटारीतही जाईल, आणि जुना जपून ठेवलात तर विकताना ही गिटार मूळ रूपात देता येईल. पण बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन बसत नसेल, नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकून सूर सोडत असेल किंवा फ्रेट झिजून स्वर बुजत असतील, तर पिकअपचे पैसे आधी नटवर आणि फ्रेटवर घाला. यातलं काय आहे ते कुठल्याही चांगल्या कारागिराला गिटार हातात घेतल्यावर दहा मिनिटांत सांगता येतं. पिकअप मागवण्याआधी तेवढं दाखवून घ्या.